थंड पाण्यातलं पहिलं बुडीत जहाज: सेमी-ड्राय की ड्रायसूट, कॉर्नवॉल, ऑर्कनी की टोबरमोरी?

मालवण, गोवा किंवा अंदमानात ओपन वॉटर (डायव्हिंगचं पहिलं, १८ मीटरपर्यंतचं) सर्टिफिकेट घेतलेले ठाणे-नवी मुंबईतले बरेच डायव्हर पुढे कधीतरी नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा नातेवाइकांकडे ब्रिटनला, कॅनडाला जातात. तिथे किनाऱ्यालगत, फार खोल नसलेल्या पाण्यात बुडालेली जहाजं आहेत आणि त्यांतली काही आपल्या सर्टिफिकेटात सहज बसतात. मग दोन प्रश्न पडतात: जहाज कुठलं आणि सूट कुठला? बहुतेक जण आधी जहाज ठरवतात, बुकिंग करतात आणि सूट तिथे पोचल्यावर जो मिळेल तो चढवतात. आमच्या मते हा क्रम उलटा हवा. आधी सूट ठरवा, त्याची सवय करून घ्या आणि त्या सूटात जे झेपेल ते जहाज निवडा. थंड पाण्यात दहा-पंधरा मीटरवर होणारे बहुतेक घोटाळे बॉयन्सी (तरंगण्या-बुडण्याचा तोल) सुटल्यामुळे, बोटं बधिर झाल्यामुळे किंवा हवा अपेक्षेपेक्षा लवकर संपल्यामुळे होतात. जहाजाचा त्यात थेट दोष कमीच असतो.

खोली कमी, म्हणून काम सोपं?

हा हिशेब एकदा नीट बघा. ३० मीटरवरून २५ मीटरवर आलात तर दाब ४ वरून ३.५ वातावरणावर येतो आणि तुमच्या बीसीडीतली (हवा भरून तोल सांभाळायच्या जाकिटातली), सूटातली हवा सुमारे १४ टक्के फुगते. १० वरून ५ मीटरवर आलात तर तीच हवा ३३ टक्के फुगते. आणि ५ मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ५० टक्के. म्हणजे चढ-उतार तेवढाच, पाच मीटरचा, पण परिणाम उथळ पाण्यात दुपटी-तिपटीने जास्त. उथळ जहाजावर डायव्हर सारखा खाली-वर होतो: डेकवरून चढायचं, कठड्याखाली डोकवायचं, पुन्हा वर. मालवणला ३ मिलिमीटरचा सूट घातलेला असताना हे जाणवत नाही, कारण त्या सूटात दबायला-फुगायला फारसं काही नसतंच. जाड निओप्रीन (सूटाचं फोमसारखं रबर) किंवा हवा भरलेला ड्रायसूट घातला की प्रत्येक मीटरचा हिशेब चुकवावा लागतो.

शिवाय लाटांची हालचाल. खोल पाण्यात लाट डोक्यावरून निघून जाते. आठ-दहा मीटरवर ती तुम्हाला पत्र्याकडे ढकलते, मग परत ओढते. जहाजाच्या रिकाम्या खणात, जिथे पाणी एकाच वाटेने आत-बाहेर करतं, तिथे हा ओढा आणखी वाढतो. आणि त्या खणाच्या कडा म्हणजे ऐंशी वर्षं गंजलेलं, फाटलेलं लोखंड.

सेमी-ड्राय

सेमी-ड्राय म्हणजे ७ मिलिमीटरचा निओप्रीन सूट, ज्याच्या मनगटाला, घोट्याला आणि मानेला पाणी अडवणाऱ्या पट्ट्या असतात. पाणी आत येतंच, पण एकदा आलेलं तिथेच थांबतं आणि अंगाने तापतं. सोबत ५ मिलिमीटरचा हुड, ५ मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज आणि जाड तळव्याचे बूट लागतात.

याची जमेची बाजू मोठी आहे. वेगळं प्रशिक्षण लागत नाही, वापरायची पद्धत तुम्हाला माहीत आहे, फाटला तरी डाइव्ह पुरी होते, आणि ब्रिटनमध्ये नवा सूट साधारण २०० ते ४०० पौंडांत मिळतो. पाणी १५-१६ अंशांचं असेल, दिवसाला एक किंवा दोन डाइव्ह असतील आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल, तर आम्ही हाच घ्या म्हणू.

अडचण खोलीत आणि पाण्याबाहेर येते. निओप्रीनमधली ऊब त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे असते. दाब वाढला की ते दबतात. १० मीटरवर वायूचं आकारमान निम्मं होतं, २० मीटरवर एक तृतीयांश. रबराची जाडी तितक्या प्रमाणात घटत नाही, पण सूट स्पष्टपणे पातळ आणि थंड होतो, नेमका जिथे पाणी सर्वांत गार असतं तिथे. त्याचबरोबर तुम्ही जड होता, म्हणून बीसीडीत हवा भरता, आणि वर येताना सूट आणि बीसीडी दोन्ही एकदम फुगतात. सेमी-ड्रायमध्ये वर येताना वेग हाताबाहेर जाण्याचं हे नेहमीचं कारण.

दुसरी अडचण पहिल्या डाइव्हनंतरची. ओला सूट, उघडी रबरी बोट, वारा. पाण्यात नसतानाही अंगातली ऊब बाष्पीभवनाने जात राहते. एका तासाने दुसऱ्या डाइव्हसाठी उतरता तेव्हा शरीर आधीच गारठलेलं असतं. म्हणून सेमी-ड्राय चालेल का हे ठरवताना पाण्याच्या तापमानाइतकंच बोटीला बंद केबिन आहे की नाही, हे विचारायला हवं. केबिन नसेल तर सूटावरून घालायचा वाराबंद लांब कोट आणि थर्मासभर कोमट पाणी न्या. ते दुसऱ्या डाइव्हआधी ग्लोव्ह्ज आणि बुटांत ओतायचं.

मापाबद्दल तडजोड नको. भाड्याचा सूट कंबरेत किंवा पाठीच्या कण्याजवळ ढिला असेल तर प्रत्येक हालचालीला गार पाण्याचा लोट आत-बाहेर होतो आणि ७ मिलिमीटर जाडीचा काही उपयोग राहत नाही. घातल्यावर उकिडवं बसून बघा. पाठीशी हवेची पोकळी जाणवली तर तो सूट परत करा.

ड्रायसूट

ड्रायसूटात अंग कोरडं राहतं आणि ऊब देण्याचं काम आतला अंडरसूट करतो. छातीवर इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण), डाव्या दंडावर डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप), मनगट आणि मानेला लेटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनचे सील. ट्रायलॅमिनेट कापडाचा सूट स्वतः ऊब देत नाही, पण हलका असतो, लवकर वाळतो आणि खोलीत त्याची बॉयन्सी बदलत नाही. कॉम्प्रेस्ड निओप्रीनचा जरा उबदार, अंगाला धरून बसणारा, पण जड. परदेशातून ठाण्यापर्यंत बॅगेत आणायचा असेल तर ट्रायलॅमिनेटच.

पाणी १२ अंशांच्या खाली असेल तर पर्याय म्हणून सेमी-ड्रायचा विचारही करू नका. १२ ते १५ च्या मध्ये निर्णय बोटीवर, वाऱ्यावर आणि दिवसांच्या संख्येवर आहे. सलग पाच-सहा दिवस डाइव्ह करायच्या असतील तर पाणी १४ अंश असलं तरी ड्रायसूट घ्या, कारण गारठा दिवसागणिक साठत जातो.

पण ड्रायसूट शिकावा लागतो. पॅडी या डायव्हिंग संस्थेच्या ड्रायसूट कोर्समध्ये एक सत्र बंदिस्त पाण्यात आणि दोन डाइव्ह उघड्या पाण्यात असतात. कोर्स संपताच जहाजावर जाणं आम्हाला घाईचं वाटतं. मध्ये किमान चार-पाच साध्या डाइव्ह हव्यात. त्यासाठी ब्रिटनमधल्या पाणी भरलेल्या दगडखाणी चांगल्या. लेस्टरशरमधल्या स्टोनी कोव्हमध्ये प्रवाह नाही, वेगवेगळ्या खोलीचे टप्पे आहेत आणि सरावासाठी मुद्दाम बुडवलेली स्टेनगार्थ ही जुनी टगबोटही आहे, अर्थात ती वीस मीटरच्या पुढे.

शिकताना पुढच्या गोष्टी अंगवळणी पडल्याच पाहिजेत. खाली जाताना सूट अंगाला आवळला की छातीचं बटण थोडं-थोडं, तुकड्या-तुकड्यांनी दाबायचं. एकदम दाबून धरायचं नाही. आवळणं थांबेल इतकीच हवा. वर येताना डंप व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि डावा कोपर शरीराचा सर्वांत उंच भाग राहील असा उचललेला. मनगट उंच आणि कोपर खाली राहिला तर हवा मनगटाकडे जाते आणि सीलमधून निसटते किंवा पाणी आत घेते.

पायांत हवा जाऊन उलटं होणं हा नवशिक्यांचा मोठा धोका. उपाय ठरलेला आहे: गुडघे छातीशी घ्या, कोलांटी मारा, डोकं वर आलं की लगेच डंप. हे पाच सेकंदांत जमलं पाहिजे, कारण पाय वर असताना व्हॉल्व्ह खाली असतो आणि हवा बाहेर जाऊच शकत नाही. इन्फ्लेटरचं बटण अडकून हवा आपोआप भरत राहिली तर आधी होज (हवेची नळी) ओढून काढायची आणि मग डंप. जाड ग्लोव्ह्ज घालून ती होज काढण्याचा सराव प्रत्येक डाइव्हआधी एकदा करावा.

सील मानेला घट्ट असेल तर चक्कर येऊ शकते, मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब पडतो म्हणून. ढिला असेल तर पाणी. मनगटाचं सील चांगलं असूनही रील (दोरीची फिरकी) घट्ट पकडताना पाणी आत येतं, कारण मूठ आवळली की मनगटाच्या कंडरा (टेंडन) उठतात आणि त्यांच्या बाजूने बारीक फट राहते. बारीक चणीच्या लोकांना हे हमखास होतं. सील मनगटाच्या हाडापासून थोडं कोपराकडे सरकवून बसवा.

अंडरसूटच्या आत सुती बनियन नको. घामाने ओलं झालेलं सुती कापड अंगाला गार चिकटून राहतं. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक बेस लेयर, त्यावर अंडरसूट. आणि एक गोष्ट सगळे विसरतात: ड्रायसूटाचे बूट मोठे असतात, त्यामुळे इथून नेलेल्या तुमच्या फिन्समध्ये (पायात घालायच्या पंखांत) ते बसणार नाहीत. फिन्स सूटाबरोबरच भाड्याने घ्या.

भाडं साधारण दिवसाला २५ ते ४० पौंड. विकत घ्यायचा तर ६०० पासून २००० पौंडांच्या पुढेपर्यंत. वर्षातून एकदा जाणाऱ्याने विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्षातून दोन आठवडे थंड पाण्यात घालवणार असाल, किंवा तुमचं माप भाड्याच्या साठ्यात मिळत नसेल (बुटक्या आणि रुंद बांध्याच्या लोकांची ही अडचण खरी आहे), तेव्हा खरेदीचा विचार करा.

शिसं: मालवणचा आकडा तिथे चालत नाही

मालवणला ३ मिलिमीटरचा सूट आणि ॲल्युमिनियमचं सिलिंडर घेऊन ज्याला ४ ते ६ किलो शिसं (बुडायला बांधायचं वजन) लागतं, त्याच ७० किलोच्या माणसाला सेमी-ड्रायमध्ये ८ ते १२ आणि ड्रायसूटात १० ते १४ किलो लागू शकतं. ब्रिटनमध्ये सिलिंडर बहुधा १२ लिटरचं पोलादी असतं. आपल्याकडचं ११.१ लिटरचं ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामं होताना तरंगायला लागतं. पोलादी तसं करत नाही, म्हणून तिथे सूटाच्या मानाने थोडं कमी शिसं पुरतं. अंदाजाने ठरवू नका. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना ५ मीटरवर, बीसीडी रिकामी आणि सूटात फक्त आवळणं थांबवण्याइतकी हवा असताना, स्थिर राहता आलं पाहिजे. तिथे वर खेचले जात असाल तर शिसं वाढवा. आरामात बुडत असाल तर एकेक किलो कमी करा. जास्तीचं शिसं म्हणजे जास्तीची हवा, आणि जास्तीची हवा म्हणजे उथळ पाण्यात जास्तीचं फुगणं.

गोड्या पाण्यात हाच माणूस उतरला तर एकूण वजनाच्या सुमारे अडीच टक्के शिसं कमी लागतं. सामानासकट शंभर किलो भरत असाल तर अडीच किलो.

तीन जहाजं

पहिला पर्याय: जेम्स ईगन लेन. अमेरिकेत १९४४ मध्ये बांधलेलं हे लिबर्टी जातीचं मालवाहू जहाज २१ मार्च १९४५ रोजी जर्मन यू-३९९ पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं. ओढून किनाऱ्याला आणताना ते कॉर्नवॉलच्या व्हिटसँड बेमध्ये, प्लिमथजवळ, वाळूत बसलं. सगळे खलाशी वाचले. आज ते सरळ उभं आहे, तळ वीस मीटरच्या थोडा पुढे आणि नाळेकडचा वरचा भाग त्याहून बराच वर. म्हणजे ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत राहूनही जहाजाचा मोठा भाग बघता येतो, मात्र मर्यादा तुम्हालाच पाळावी लागते. तळ समोर दिसत असताना ते कठीण जातं. त्यामुळे ॲडव्हान्स्ड (त्यापुढचं सर्टिफिकेट) असलेलं बरं. डेक बऱ्याच ठिकाणी उरलेला नाही, खण वरून उघडे आहेत, त्यामुळे उजेड आत येतो.

खाडीच्या या भागात प्रवाह सौम्य असतो, त्यामुळे भरती-ओहोटीचं गणित सैल आहे. मात्र नैर्ऋत्येचा वारा आणि लाट आली की सगळं बंद. तळाची वाळू उठते, दिसणं आठ-दहा मीटरवरून दोन मीटरवर येतं आणि खणांमध्ये ओढा सुरू होतो. पाणी मार्चमध्ये ८-९ अंश, ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये १६-१७. म्हणून सेमी-ड्रायवाल्यांसाठी वर्षातले तेच सहा आठवडे. गळ टाकणारे मच्छीमार याच जहाजावर येतात, तेव्हा पत्र्याला अडकलेली नायलॉनची दोरी जागोजागी असते. छातीवर, दोन्ही हातांना सापडेल असा लाइन कटर लावा. पोटरीला बांधलेला सुरा अडकलेल्या माणसाला बहुधा पोचत नाही.

जवळच २००४ मध्ये मुद्दाम बुडवलेली सिला ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट आहे. ती जास्त खोल आहे, आत गाळ साठला आहे, आणि आत शिरून डायव्हर मृत्युमुखी पडले आहेत. पहिल्या प्रवासात ती यादीतून काढा.

दुसरा पर्याय: स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर, स्कॅपा फ्लो या नैसर्गिक बंदराच्या पूर्वेला, चर्चिल बॅरियर्सजवळच्या ब्लॉकशिप. शत्रूच्या पाणबुड्या आत येऊ नयेत म्हणून दोन्ही महायुद्धांत जुनी जहाजं सामुद्रधुनीत आडवी बुडवली होती. तरीही १४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री यू-४७ आत शिरली आणि तिने रॉयल ओक ही युद्धनौका बुडवली. आठशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर काँक्रीटचे बांध (हेच चर्चिल बॅरियर्स) घातले गेले आणि त्यांच्यामुळेच आज या ब्लॉकशिपभोवतीचं पाणी शांत आहे. रेजिनाल्ड, लिशिया अशी जहाजं किनाऱ्यावरून चालत जाऊन गाठता येतात, खोली बहुतेक ठिकाणी दहा-बारा मीटरच्या आत, आणि बोटीचा खर्च नाही. ज्या बाजूला वारा नाही ती बाजू निवडायची. रॉयल ओक हे युद्धस्मारक आहे, तिथे डाइव्हला बंदी आहे.

शिकायला ही जागा तिन्हींत उत्तम, फक्त पाणी वसंतात ६-७ आणि उन्हाळ्याच्या शेवटीही १३-१४ अंश. म्हणजे ड्रायसूटच. केल्प नावाचं मोठं समुद्री शेवाळ दाट वाढतं. त्यात होज किंवा फिनचा पट्टा अडकला तर झटके देऊ नका, थांबा, मागे या, सोडवा. किनाऱ्यावरून जाताना निसरड्या दगडांवर चौदा किलो शिसं घेऊन चालायचं असतं, गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इथे पोचणाऱ्याला १९१९ मध्ये जर्मन आरमाराने स्वतः बुडवलेल्या मोठ्या युद्धनौकांचा मोह होतो. उरलेल्या सात नौकांपैकी सर्वांत उथळ कार्लस्रुहेचा तळही २५ मीटरच्या आसपास आहे. आणि बर्रा (Burra) नावाच्या सामुद्रधुनीतल्या टबार्का वगैरे ब्लॉकशिप उथळ असल्या तरी तिथला प्रवाह इतका जोरदार आहे की पाणी थांबण्याच्या छोट्या वेळेतच उतरावं लागतं. त्या दुसऱ्या खेपेसाठी.

तिसरा पर्याय समुद्रातला नाही, पण कॅनडात असणाऱ्यांसाठी सोयीचा: ह्यूरॉन सरोवराच्या काठावर टोबरमोरीत स्वीपस्टेक्स. १८६७ ची दोन डोलकाठ्यांची लाकडी नौका, १८८५ मध्ये जखमी अवस्थेत बिग टब बंदरात ओढून आणली आणि तिथेच बुडाली. सुमारे ३६ मीटर लांब, खोली फक्त सहा मीटर. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे नाहीत, म्हणून लाकडी सांगाडा आजही ओळखू येतो. परिसर फॅदम फाइव्ह राष्ट्रीय सागरी उद्यानात आहे, डायव्हरना नोंदणी करावी लागते, आत शिरायला बंदी आहे आणि काचेच्या तळाच्या बोटींच्या वेळा सोडून ठरलेल्या वेळातच उतरता येतं. लाटा नाहीत, प्रवाह नाही. ऑगस्टमध्ये वरचं पाणी १८-२० अंशांपर्यंत जातं, तेव्हा सेमी-ड्राय पुरतो. मे-जूनमध्ये तेच पाणी हाडं गोठवणारं असतं. सहा मीटर खोलीमुळे बॉयन्सीची कसोटी मात्र इथेच सर्वांत कडक लागते, आणि हात टेकून सावरायची मुभा नाही, कारण हाताखाली दीडशे वर्षांचं लाकूड असतं.

आमचा कौल सरळ आहे. वीस-पंचवीस डाइव्ह झालेल्या, ड्रायसूट न शिकलेल्या माणसाने सप्टेंबरमध्ये जेम्स ईगन लेनवर सेमी-ड्राय घालून जावं, लाटा शांत असतील त्याच दिवशी. आठवडाभर वेळ आणि कोर्सचे पैसे असतील तर ड्रायसूट शिकून ऑर्कनीचे बांध. टोबरमोरी ज्यांचं घर टोरांटोजवळ आहे त्यांच्यासाठी. केवळ त्यासाठी मुंबईहून विमानाने जावं इतकं ते मोठं नाही.

ब्रिटनमध्ये जहाजावरून काही उचलू नका. १९९५ च्या कायद्यानुसार वर आणलेली प्रत्येक वस्तू २८ दिवसांत सरकारी रिसीव्हर ऑफ रेककडे नोंदवावी लागते, आणि संरक्षित जहाजांवर तर हात लावणंही गुन्हा ठरू शकतो.

हवा आणि रेग्युलेटर

मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस १५ मीटरवर ५० लिटर घेतो. १२ लिटरचं सिलिंडर, २०० बार, म्हणजे २४०० लिटर. ५० बार राखीव ठेवले की १८०० उरतात, म्हणजे ३६ मिनिटं. थंडीत, जाड सूटात, शिसं ओढत तोच माणूस २५ लिटर घेतो आणि वेळ २९ मिनिटांवर येते. हे आकडे स्वतःच्या मालवणच्या नोंदींवरून काढा, त्यात चतुर्थांश वाढवा आणि १०० बारला परत फिरा.

पाणी १० अंशांच्या खाली असेल तर थंड पाण्यासाठी बनवलेला, सीलबंद फर्स्ट स्टेजचा (सिलिंडरवर बसणारा, दाब उतरवणारा भाग) रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र) हवा. दाब उतरताना हवा थंड होते, फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरतो, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि हवा अखंड वाहायला लागते; भरलेलं सिलिंडरही काही मिनिटांत रिकामं होतं. बोटीवर गार हवेत उगाच श्वास घेऊन बघू नका, पर्ज बटण (हवा जोरात सोडणारं) दाबू नका, आणि बीसीडी, ड्रायसूट दोन्ही एकाच वेळी लांबलचक फुगवू नका. वाहायला लागलाच तर माउथपीस पूर्ण न धरता ओठांच्या कडेने हवा घेत जोडीदाराबरोबर (बडी) वर या. इथला रेग्युलेटर नेणार असाल तर तो यॉक (सिलिंडरवर कसायच्या शिकंजाच्या) जोडणीचा आहे का बघा. तिथे बरेच जण डिन (आट्यांनी बसणारी जोडणी) वापरतात आणि ३०० बारच्या सिलिंडरला यॉक बसतच नाही.

निघण्याआधी ठाण्यात काय करता येईल

ठाण्याच्या खाडीत गाळ आहे, डाइव्ह नाही. पण भरती-ओहोटी वाचायला ती उत्तम शाळा आहे. उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर, भांग अष्टमीच्या आसपास, हे कोळीवाड्यात जसं आहे तसंच कॉर्नवॉलमध्येही आहे. मुंबईत आणि प्लिमथला दोन्हीकडे उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. बुकिंग भांगेच्या दिवसांत करा. प्रवाह कमी, पाणी स्वच्छ.

हातांची परीक्षा घरी होते. बादलीत १५ लिटर नळाचं पाणी घ्या, त्यात ३ किलो बर्फ विरघळवा. आपल्याकडचं पाणी २८ अंशांचं धरलं तर ते सुमारे १० अंशांवर येतं. ५ मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज घालून पंधरा मिनिटं हात बुडवून ठेवा आणि त्यातच बोल्ट स्नॅप (स्प्रिंगची कडी) लावणं-काढणं, रीलची दोरी सोडणं, लाइन कटर काढणं करून बघा. जे इथे जमत नाही ते तिथे नक्की जमणार नाही, तेव्हा मोठ्या आकाराचे स्नॅप घ्या.

तरणतलावात साहित्य न्यायला परवानगी मिळाली तर एसएमबी (पृष्ठभागावर सोडायचा खुणेचा फुगा) सोडण्याचा आणि मास्क काढून बसण्याचा सराव करा. सूटाची मापं बघताना एसी लावा. मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत ७ मिलिमीटर निओप्रीन घालून दहा मिनिटं उभं राहणं खरोखर धोक्याचं आहे. आणि जमलं तर ठाणे किंवा पनवेलहून रात्रीच्या कोकण रेल्वेने कुडाळ गाठा, मालवणात दोन दिवस फक्त एका जागी तरंगत राहण्याचा सराव करा. तिथे पाच मीटरवर तीन मिनिटं हात न हलवता थांबता येत नसेल, तर थंड पाण्याचं बुकिंग पुढे ढकला.

चाळिशी-पन्नाशीच्या, रक्तदाब असलेल्या डायव्हरनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. गार पाणी, घट्ट सूट आणि श्रम यांमुळे काहींच्या फुप्फुसांत पाणी धरतं. पाण्यात असताना खोकला, धाप, घशात घरघर जाणवली तर डाइव्ह तिथेच संपवायची, पाण्याबाहेर यायचं, ऑक्सिजन घ्यायचा. ड्रायसूटात लघवीची पंचाईत म्हणून पाणी न पिणारे बरेच असतात. त्याने डीकम्प्रेशन आजाराचा (अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो. तसंच तळाशी उबेत आणि वर येताना गारठलेलं असणं वाईट, कारण विरघळलेला वायू बाहेर पडायला वेळ लागतो. थंडी वाजायला लागली की सेफ्टी स्टॉपची (वर येताना घ्यायच्या थांब्याची) वाट न बघता तेव्हाच परतीला लागायचं, म्हणजे स्टॉप घाईने उरकावा लागत नाही. बोटीवर आल्याबरोबर कडकडीत गरम पाण्याने आंघोळ नको. अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर मुंबईच्या विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्या.

ड्रायसूट विकत घेतलाच, तर तो घरी टिकवणं हे वेगळं काम आहे. लेटेक्सला उष्णता, ऊन आणि ओझोन सोसत नाही. माळ्यावर, इन्व्हर्टरजवळ किंवा फ्रिजच्या मागे ठेवलेला सूट दोन उन्हाळ्यांत चिकट सील घेऊन बाहेर येतो. गोड्या पाण्याने धुवून, उलटा करून सावलीत वाळवा, सीलला बिनवासाची टाल्कम पावडर लावा. पितळी चेन उघडी ठेवून त्यावर मेण लावायचं. प्लॅस्टिकची चेन बंद ठेवून तिच्या टोकाला सिलिकॉन ग्रीस. जून ते सप्टेंबर बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून सैल गुंडाळा, घडीवर घडी घालू नका, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून पंख्याखाली टाका. मनगटाच्या सीलची एक जादा जोडी घेऊन ठेवा, शक्यतो रिंगवर बसणारी, म्हणजे फाटलं तर डिंक-चिकटपट्टीची खटपट न करता दहा मिनिटांत बदलता येतं.